गरज कोणाची, गुण कोणाला?

१

टीकाकाराने कथा वाचावी, कविता वाचावी, फार तर एखाद्या नाटकाच्या प्रयोगावर चार शब्द लिहावेत, अशी आपल्याकडे साधारण समजूत आहे. सरकारी दप्तरातला छापील तक्ता किंवा एखाद्या संस्थेची प्रश्नावली हा टीकेचा विषय होऊ शकेल, असे कोणाला वाटत नाही. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे की, आपल्या घराघरांविषयी सर्वांत जास्त लिहिले जाते ते याच तक्त्यांतून. कादंबरीकाराला चार घरे माहीत असतात. तक्त्यापुढे लाखो घरे येऊन बसतात. त्यालाही एक निवेदक असतो, तो कोठून पाहतो हे ठरलेले असते, काय सांगायचे आणि काय गाळायचे हेही ठरलेले असते. मग कथेला जे प्रश्न आपण विचारतो, ते त्याला का विचारू नयेत?

मी बोलतो आहे ते मूल वाढवणाऱ्या घरांना मदत करण्याकरिता जी चौकशी होते, तिच्याविषयी. अंगणवाडी, आशाताईंची गृहभेट, पाळणाघर, पालकशाळा, समुपदेशन असे मदतीचे पुष्कळ प्रकार आज आहेत. परंतु मदत देण्यापूर्वी कोणीतरी ठरवावे लागते की, या घराला नेमके काय कमी आहे. हे ठरवण्याच्या कामाला 'गरज जोखणे' म्हणू. बोलायला हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात त्यात एक फार मोठी गफलत होते, आणि ती कशी होते ते सांगण्यासाठीच हा लेख आहे.

शहरातल्या एका बालवाडीच्या पालकसभेला मी नातीचा आजोबा या नात्याने गेलो होतो. सर्वांना एकेक कागद दिला गेला. पालकांना कोणती मदत हवी आहे ते कळावे, म्हणून हे प्रश्न आहेत, असे बाईंनी मोठ्या प्रेमाने सांगितले. पहिलाच प्रश्न होता, आपण मुलाला गोष्ट सांगता का? पुढे तीन चौकटी: रोज, कधी कधी, कधीच नाही. माझ्या शेजारी एक तरुण आई बसली होती. पोळीभाजी केंद्रावर ती पहाटेपासून पोळ्या लाटायला जाते, हे मला बोलण्याबोलण्यात कळले होते. तिने पेन्सिल हातात घेतली, थोडा वेळ कागदाकडे पाहिले आणि हळूच मला विचारले, "आजोबा, यातलं कुठलं लिहिलं म्हणजे बरं दिसेल?"

त्या कागदावर याहून नेमकी टीका मला करता येणार नाही. गरज विचारायला आलेला कागद त्या बाईला परीक्षेचा पेपर वाटला. आणि तिला तसे वाटले यात तिचा काही दोष नव्हता, कारण तो होताच तसा. त्यात ती काय करते, किती करते, काय जाणते हे सारे होते. पहाटे साडेचारला घर सोडताना मुलगी कोणाजवळ असते, हा प्रश्न मात्र त्यात कोठेच नव्हता. तिने 'रोज' या चौकटीत खूण केली. संस्थेच्या हिशेबी एक घर निकालात निघाले.

२

आता एका अशा घराकडे वळू, जे आपणा सर्वांना आपल्या घरासारखेच ठाऊक आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून मराठी घरात मूल कसे वाढवावे याचा दाखला द्यायचा झाला की, बोट आपोआप या पुस्तकाकडे वळते. तळपायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी आईने आपला पदर पसरला, हा प्रसंग ज्याला माहीत नाही असा मराठी वाचक विरळा.

परंतु आपण हे पुस्तक वाचतो कसे? आपण ते आईच्या गुणांची यादी म्हणून वाचतो. शाळेच्या निबंधात, पारितोषिक समारंभाच्या भाषणात, सुनेला दिलेल्या टोमण्यातसुद्धा या आईचा उपयोग मोजपट्टीसारखा होतो. तिने एवढ्या हालांत एवढे संस्कार केले. तुम्हांला सारे काही आहे, तरी तुमची मुले अशी का? पुस्तकाने आईपुढे हात जोडले होते. आपण ते पुस्तक हातात घेऊन दुसऱ्या आयांपुढे छडी उगारली. हा पुस्तकाचा दोष नव्हे, आपल्या वाचनाचा आहे.

हेच पुस्तक एकदा घराच्या गरजांची नोंद म्हणून वाचून पाहावे. एकेकाळी बरे चाललेले कोकणातले एक घर. भावाभावांत वाटणी होऊन ते फुटते आणि हे कुटुंब एका लहानशा झोपडीवजा घरात येऊन राहते. डोक्यावर सावकाराचे कर्ज असते. त्याचा माणूस दारात येऊन बाईमाणसासमोर नको ते बोलतो. एक गुणी मुलगा लहानपणीच जातो. आईच्या अंगात ताप मुरतो. ती झिजत असते, पण कामाला खाडा नसतो. शेवटी घरावर जप्ती येते, गावात दवंडी पिटली जाते, आणि त्या धक्क्यातून ती पुन्हा सावरत नाही. मुलगा शिक्षणासाठी दूर. त्याची शेवटची भेटसुद्धा होत नाही.

या बाईला मूल कसे वाढवावे याचे ज्ञान कमी होते काय? मुळीच नाही. त्या बाबतीत तिला शिकवू शकेल असा तज्ज्ञ आजही जन्मायचा आहे. तिला कमी होते ते निराळेच. कर्जातून थोडी सवड, तापावर वेळेवर औषधपाणी, पोटभर अन्न, अंगाखालच्या जमिनीची शाश्वती, आणि घरात आणखी दोन हात, एवढेच तिला हवे होते. त्या घराला जी काही मदत लाभली ती अशाच रूपात लाभली. शेवटच्या आजारात सखूमावशी येऊन राहिली. शेजारणी येऊन जाऊन होत्या. स्वतः आईदेखील, कांडण करणारी मथुरी तापाने पडली तेव्हा तिला उपदेश करीत बसली नाही. तिने तिच्यासाठी अन्न पाठवले.

येथेच मला त्या गफलतीचे मूळ दिसते. आपण समजतो की, ज्या घरात मूल नीट वाढत नाही त्या घराला मदतीची गरज आहे, आणि जेथे ते नीट वाढते तेथे गरज नाही. श्यामच्या आईचे घर या समजुतीला सरळ खोटे पाडते. तेथे संगोपन उत्तम होते आणि गरज मरणाएवढी मोठी होती. तेव्हा संगोपनाचा दर्जा आणि घराची गरज या दोन गोष्टी एकाच पट्टीने मोजता येत नाहीत. एखादी आई आपल्या शरीराची काडी करून मुलाला काही कमी पडू देत नसेल, तर तक्त्यात ते घर उत्तम म्हणूनच उतरणार. काडी किती उरली आहे याचा रकाना तेथे नसतो.

३

हे मी केवळ भावनेने म्हणतो आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून जगात नावाजलेले एक मोजमाप घेऊ. अमेरिकेत बेट्टी कॉल्डवेल आणि रॉबर्ट ब्रॅडली यांनी घराची पाहणी करण्याची एक पद्धत बसवली. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाच्या घरासाठी तीत ४५ बाबी असून त्यांचे ६ विभाग आहेत. पाहणाऱ्याने मूल जागे असताना घरी जायचे, सुमारे तासभर बसायचे, पाहायचे, आईशी बोलायचे आणि प्रत्येक बाबीला 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर लिहायचे. मूल बोलले की आई प्रतिसाद देते का, मारते का, खेळणी आहेत का, वडील रोज मुलाचे काही करतात का, अशा त्या बाबी आहेत. घरात निदान दहा पुस्तके डोळ्यांना दिसतात का, हीही एक आहे. घरात पाळलेले जनावर आहे का, हीसुद्धा आहे!

या पद्धतीचे एक मोठेपण प्रथम मान्य केले पाहिजे. ती कागद हातात देऊन आईला एकटी सोडत नाही. ती घरी जाते, बसते आणि पाहते. कचेरीत बसून घराविषयी मत बनवण्यापेक्षा हे शतपटीने बरे. मुलाच्या वाढीला घरातून किती चालना मिळते, हे तिच्यातून चांगले कळते, आणि म्हणून अनेक देशांत ती वापरली गेली.

पण श्यामच्या घरातल्या धाकट्या भावंडासाठी ही यादी घेऊन कोणी पालगडला गेला असता, तर काय झाले असते? प्रेमळपणा, प्रतिसाद, शिस्त यांत त्या आईला भरभरून गुण मिळाले असते. पाळलेल्या जनावराच्या रकान्यात मोरी गायीने एक गुण मिळवून दिला असता. पुस्तके आणि खेळणी यांत मात्र घर मागे पडले असते. आणि अहवालाच्या शेवटी शिफारस आली असती की, या घराला खेळणी द्यावीत. सावकाराचा माणूस त्या तासाभरात दारात आला नसता, तर तो त्या कागदावर कधीच आला नसता.

हा त्या यादीचा दोष नाही. जे मोजण्यासाठी ती केली ते ती मोजते. दोष आहे तो 'घरात काय चालते' याच्या मोजमापाला 'घराला काय हवे' याचे मोजमाप समजण्याचा. या दुसऱ्या प्रश्नावर ब्रिटनच्या जोनाथन ब्रॅडशॉ यांनी १९७२ साली मोठी उपयोगी फोड केली. गरज म्हणजे एकच वस्तू नव्हे, ती चार तऱ्हेची असते, असे त्यांनी दाखवले. एक तज्ज्ञांनी ठरवलेली. दुसरी माणसाला मनात जाणवणारी. तिसरी त्याने प्रत्यक्ष तोंडाने मागितलेली. आणि चौथी, तशाच परिस्थितीतल्या इतरांना जे मिळते आणि याला मिळत नाही, त्यातून दिसणारी.

ही फोड हाताशी घेतली की पालकसभेतला तो कागद चटकन उलगडतो. त्यात पहिल्या तऱ्हेची गरज होती: मुलाला गोष्ट सांगितली पाहिजे, हे तज्ज्ञांचे मत. दुसरी त्या बाईच्या मनात होती, पण तिला जागा नव्हती. तिसरी उच्चारायची तिची छाती नव्हती, कारण 'मला मुलीला ठेवायला जागा नाही' असे लिहिले तर ती वाईट आई ठरेल, अशी भीती. आणि चौथी पाहायची तर तिच्या केंद्रावरच्या बाकीच्या बायकांकडे जावे लागले असते. चारांपैकी एकीवर भागवून आपण गरज जोखली असे म्हणतो.

४

आता या कामात आपल्याच मातीत जे अस्सल झाले त्याकडे येतो. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या. माँटेसरींची पद्धती त्यांनी पचवली होती. तरी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा त्यांच्यापुढे अगदी साधी अडचण उभी राहिली. बालवाडी आहे, शिक्षिका आहे, पण गरीब वस्तीतली मुले येत नाहीत. अशा वेळी सोपा निष्कर्ष काढणारे पुष्कळ असतात. पालक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, सबब त्यांच्यात जागृती करा! ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी तसे केले नाही. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी मुलाच्या अंगणात जाईल, असे त्यांनी ठरवले. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्मला. महागड्या साधनांच्या जागी खडे, शंखशिंपले, पाने, बिया आल्या.

१९५७ साली हे काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. तेथे आणखी एक गाठ होती. मोठी मुले गुरे राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. तेव्हा शिक्षक कुरणात गेले आणि 'कुरणशाळा' झाली. आठनऊ वर्षांची मुलगी शाळेत येऊ शकत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच ठिकाणी आणले; तिचे नाव 'विकासवाडी'. कडेवरचे मूल पाळण्यात गेले, मधले बालवाडीत बसले, आणि थोरलीचे हात पाटीसाठी मोकळे झाले.

टीकाकार म्हणून मला यात जे दिसते ते असे. या बायकांनी घराची गरज आईला प्रश्न विचारून शोधली नाही, आणि पुस्तकातूनही घेतली नाही. त्यांनी त्या घराचा दिवस वाचला. पहाटे कोण उठते, पाणी कोण आणते, गुरांमागे कोण जाते, मूल कोणाच्या कडेवर असते. दिवस असा उलगडला की, गरज आपोआप दिसते. ती कोणाच्या डोक्यातल्या उणिवेत नसते, ती दिवसाच्या बांधणीत असते. थोरल्या बहिणीची कड हा त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा रकाना होता, आणि तो कोणत्याही छापील तक्त्यात नव्हता.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. एका मराठी शब्दाने एवढा प्रवास केला, याचा आपणांस अभिमान वाटावा हे योग्यच. पण शब्द गेला तेवढी दृष्टी गेली का? पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, शाळापूर्व शिक्षण ही सारी मोलाची कामे अंगणवाडीने उचलली. परंतु ती दिवसातले काही तास भरते. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी नेण्यासाठी शिधा मिळतो; त्याला दिवसभर सांभाळणारे माणूस मिळत नाही. कोसबाडला जे पाळणाघर बालवाडीला जोडूनच होते, ते अंगणवाडीला जोडण्याची सरकारी 'पाळणा' योजना आली २०२२ साली. थोरल्या बहिणीची कड तोपर्यंत सरकारी तक्त्यात उतरली नव्हती, असाच याचा अर्थ.

५

कोणी म्हणेल, मग काय, पालकांना शिकवायचेच नाही? ज्ञानाने काहीच होत नाही? तसे मी म्हणत नाही, आणि म्हणालो तर तो खोटेपणा होईल. गडचिरोलीचे उदाहरण समोर आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तेथे गेले. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून राणीताईंनी १९८९ साली दाखवले की, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही आहे, आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या त्या केवळ ८ टक्के. म्हणजे शंभरातल्या ९२ स्त्रिया दुखणे अंगावर काढत होत्या. ही गरज कोणी मागितली नव्हती. लाजेने ती तोंडातून निघतच नव्हती. नुसते 'तुम्हांला काय हवे' असे विचारले असते, तर ती कायमची दडून राहिली असती. तेव्हा लोक म्हणतील तीच गरज, हेही पूर्ण सत्य नव्हे; ऐकणाऱ्यावर विश्वास बसल्यावाचून माणसे खरे बोलत नाहीत, हे सत्य आहे.

त्या दांपत्याने विश्वास कसा मिळवला, तेही पाहण्यासारखे आहे. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असे त्यांनी त्यांनाच विचारले. तेथे नातेवाइकांना राहता येत नाही, आपला देव तेथे नाही, ती इमारतच भीतीची वाटते, असे उत्तर मिळाले. म्हणून दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा झाला, रुग्णाचे लोक सोबत राहू लागले, आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

पुढे त्यांनी ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. ती स्त्री घरी जाई, बाळाचे वजन करी, ते उबेत आहे का पाही, आईला दूध पाजताना मदत करी, जंतुसंसर्ग ओळखून औषध देई. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून आशाताईंच्या गृहभेटींच्या रूपाने ही कल्पना देशभर पोहोचली. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी ४२ दिवसांत ६ भेटी.

दूरच्या जमैका बेटावरही असेच घडले. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतली, वाढ खुंटलेली १२९ बालके निवडली. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे आठवड्यातून एक तास जाई, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेई आणि आईबरोबर बसून मुलाशी खेळे. वीस वर्षांनंतर पाहिले, तर खेळाचा लाभ झालेल्या मुलांची मिळकत तो न झालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक निघाली.

या दोन्ही ठिकाणी शिकवणे आहेच. पण कसे? शिकवणारी बाई दाराबाहेर उभी राहून सूचना देत नाही. ती आत येते, वस्तू आणते, वेळ आणते, दोन हात आणते. आईच्या अंगावर एक काम वाढवण्याऐवजी ती एक काम उचलते. ज्ञान आणि मदत यांची येथे फारकत झालेली नाही. पालकशाळेत तासभर बसवून, मग घरी जाऊन तुम्ही हे हे करा, असे सांगणे म्हणजे आधीच भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतण्यासारखे आहे. ते बाहेरच सांडणार, आणि वर घागरीलाच बोल लागणार.

६

हे दिवस तर अशा चौकशीची खरी कसोटी पाहणारे आहेत. आपल्या घरी फराळाचे डबे भरले जात असतात, त्याच सुमाराला बीडकडची आणि मराठवाड्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडायची. फडाच्या कडेला कोपी पडते. पहाटे अंधारात तोड सुरू होते, आणि बांधावर पाचटाच्या सावलीत तान्हे मूल आपल्या सहासात वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन असते. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीत असते आणि मूल असते दोनशे कोसांवर. त्याच्या आईला मुलाशी किती वेळ बोलता असे विचारून पाहा! ती काय खूण करील? आणि तिने खरे उत्तर दिले, तर तिला आपण काय देणार आहोत? बोलण्याचे महत्त्व सांगणारे पत्रक?

तिची गरज वाचायची तर फड वाचावा लागेल. उचल किती, तोड किती वाजता सुरू होते, गाडी रात्री कितीला भरते, कोपीजवळ पाणी आहे का, जवळच्या गावातली अंगणवाडी या पाहुण्या मुलाला आपले म्हणेल का. यांतले बरेचसे प्रश्न आईला विचारायचेच नाहीत. ते मुकादमाला, कारखान्याला आणि खात्याला विचारायचे आहेत. गरज जोखण्याच्या कागदावर उत्तर देणारा नेहमी आईच का असावी, हा माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

सुस्थितीतल्या घरांनाही हेच लागू आहे, फक्त तेथे ते कमी टोचते. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीची बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. कायद्याने निदान एवढे ओळखले की, आईची गरज तिच्या मालकाच्या दारातही असू शकते. पण पोळ्या लाटणारी, धुणीभांडी करणारी, फडात राबणारी आई या हिशेबात कोठे बसत नाही. कारण तिच्या मालकाचे नावच कोणत्या कागदावर नसते.

आणखी एक घर या चौकशीतून नेहमी निसटते. ते असते चौकशी करायला येणाऱ्या बाईचे स्वतःचे. अंगणवाडी सेविका आणि आशाताई दुसऱ्यांच्या घरांची गरज लिहीत हिंडतात. त्यांच्या मोबदल्याला मात्र अजून पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. दिवसभर वजने आणि लसी लिहून, मोबाइलवर माहिती चढवून ती संध्याकाळी घरी जाते, तेव्हा तिच्या मुलाला गोष्ट कोण सांगते?

म्हणून माझी टीका थोडक्यात अशी. घराची गरज जोखणारा कागद चांगला की वाईट, हे त्यातल्या प्रश्नांच्या गोड भाषेवरून ठरवू नये. तो भरताना आईला आपण पास होऊ की नापास, असे वाटते काय, हे पाहावे. त्यात घराचा दिवस आहे का, की नुसते आईचे गुण आहेत, हे पाहावे. उत्तर मिळाल्यावर विचारणाऱ्यावर काही करण्याचे बंधन आहे का, की सारे बंधन उत्तर देणाऱ्यावरच आहे, हे तपासावे. या तीन कसोट्यांना जो कागद उतरत नाही, तो कितीही शास्त्रीय असला तरी साहित्याच्या भाषेत ज्याला आपण खोटे चित्रण म्हणतो, त्याच जातीचा आहे.

आणि गरज वाचायची कशी, हे शिकायला फार लांब जायला नको. 'श्यामची आई'त दिवाळीची एक रात्र आहे. वडिलांचे धोतर फाटलेले असते. ते स्वतः कधी त्याविषयी चकार शब्द काढत नाहीत. आई भावांनी दिलेली भाऊबिजेची ओवाळणी साठवून ठेवते आणि त्या पैशांतून त्यांच्यासाठी धोतरे आणवते. तिने त्यांना काही विचारले नव्हते, काही शिकवले नव्हते, आणि फाटलेल्या धोतराबद्दल दोषही दिला नव्हता. तिने पाहिले होते, आणि स्वतःजवळचे काढून दिले होते. यंदा भाऊबिजेला बहिणीच्या घरी जाल, तेव्हा ताटाभोवतीच्या रांगोळीबरोबर तिच्या घराचा दिवसही जरा न्याहाळा. तिची मुले कशी वागतात हे तर सगळेच पाहतात. ती स्वतः कधी जेवते, कधी निजते आणि आजारी पडली तर तिच्या मुलांना कोण पाहते, तेवढे एकदा बघून या.